मास ७५ वर दुसरंच कोणीतरी

तीन आठवडे झाले तरी ते वर्कशीट डोक्यातून जात नाहीये, म्हणून लिहून काढते. मी ट्रेस मेटल्सच्या लॅबमध्ये आहे, आयसीपी-एमएस (प्लाझ्मात सॅम्पलचे आयन करून ते वस्तुमानाप्रमाणे मोजणारं मशीन) माझ्याकडे असतं, आणि आर्सेनिक हा आपला पक्का विषय आहे असं मी इतकी वर्षं धरून चालले होते.

सॅम्पल रॉक फॉस्फेटचं. आर्सेनिकची कराराची मर्यादा १० मिग्रॅ प्रति किलो, आमचा आकडा ११.२, अनसर्टन्टी (मोजणीतली अनिश्चितता) ± ०.८, के = २, म्हणजे साधारण ९५ टक्के खात्रीची. म्हणजे खालची बाजू धरली तरी १०.४, मर्यादेच्या वरच. काठावरच्या आकड्यावर शंभर फोन येतात, हा तसा नव्हता, सरळ फेल. रिपोर्ट गेला, माल अडकला.

दोन दिवसांनी पुरवठादाराच्या केमिस्टचा फोन आला. वयस्कर, शांत बोलणारे गृहस्थ. "मॅडम, आमच्याकडे ९.३ येतंय, तीनदा केलंय." कशावर करता म्हणून विचारलं तर हायड्राइड जनरेशन एएएस, म्हणजे आर्सेनिकचा वायू करून तो किती प्रकाश शोषतो ते मोजायचं. आमचे सर लगेच म्हणाले, जुनी पद्धत आहे, प्री-रिडक्शन अर्धवट राहिलं असेल त्यांचं. शंका अगदीच पोकळ नव्हती, आर्सेनिक पाचच्या अवस्थेतून तीनच्या अवस्थेत नीट आलं नाही तर तिथे आकडा कमी येतोच. पण सरांनी शंका घेतली नाही, निकाल दिला, आणि मीही मान डोलावली. ते मला आता लागतं.

तरी रीटेस्ट लावली. पाव ग्रॅम सॅम्पल, नायट्रिक आणि थोडं हायड्रोक्लोरिक, मायक्रोवेव्ह डायजेशन, ५० मिली, मग पुन्हा २० पट डायल्यूशन, एकूण ४००० पट. आकडा ११.१. ब्लँक (सॅम्पलशिवायचं द्रावण) स्वच्छ, कॅलिब्रेशन सरळ रेषेत, सीआरएम (आधीच प्रमाणित आकडा असलेलं सॅम्पल) बरोबर, डुप्लिकेट जुळलेलं, स्पाइक रिकव्हरी (मुद्दाम घातलेल्या आर्सेनिकपैकी किती परत मोजलं गेलं) ९८ टक्के. आमच्या प्रोसिजरमधल्या सगळ्या चौकटींवर टिक. सर म्हणाले, "क्यूसी पास आहे ना, मग कळवून टाका."

मी कळवलं नाही. धाडस वगैरे काही नव्हतं, त्या गृहस्थांचा आवाज डोक्यात राहिला होता एवढंच. भांडणारा क्लायंट आम्हाला रोज भेटतो, हा माणूस भांडत नव्हता, त्याला खरंच कळत नव्हतं की फरक कुठून येतोय.

इथे थोडं आतलं सांगावं लागेल. आर्सेनिकला निसर्गात एकच आयसोटोप आहे, म्हणजे त्याचा अणू एकाच वस्तुमानाचा, ७५. शिशाला किंवा कॅडमियमला एका मासवर (वस्तुमानावर) अडचण आली तर दुसऱ्यावर जाता येतं, आर्सेनिकला पळायला जागाच नाही. आणि ७५ वरचा सगळ्यांना माहीत असलेला चोर म्हणजे आर्गॉन ४० आणि क्लोरीन ३५ जोडून झालेला आयन, ४० + ३५ = ७५. हायड्रोक्लोरिक घातलं की तो येणारच. त्यासाठी मशीनमध्ये आयनांच्या वाटेवरच्या सेलमध्ये हीलियम सोडतो. जोडआयन आकाराने मोठा, तो हीलियमला जास्त वेळा धडकतो, ऊर्जा गमावतो आणि पुढे जाऊ शकत नाही. एकटा अणू त्यातून निसटतो. हीलियम मोडने आमचं आयुष्य खरंच सोपं केलंय, आणि त्यामुळेच "हीलियम लावलंय म्हणजे आर्सेनिक स्वच्छ" हे वाक्य इतक्या वेळा बोललं गेलंय की त्याच्या पुढे कोणी विचार करत नाही. मीही करत नव्हते.

क्लोरीनचा संशय होता तो आधी मिटवला. ॲसिड नुसतं नायट्रिक घेऊन परत डायजेस्ट केलं, तरी ११ च्या वर. हीलियमचा फ्लो वाढवून बघितला, तरी तेवढंच. संध्याकाळपर्यंत माझ्याकडे फक्त काय नाही याचीच यादी होती.

मग मूळ रनचं वर्कशीट पुन्हा काढलं, छापील, हाताने टिपणं केलेलं. आमच्या ज्युनिअरने समासात बारीक अक्षरात लिहिलं होतं, "इंटर्नल स्टँडर्ड इट्रियम १९०%, वगळलं, जर्मेनियम घेतलं." इंटर्नल स्टँडर्ड म्हणजे प्रत्येक सॅम्पलमध्ये आम्ही ठरावीक प्रमाणात घालतो ते मूलद्रव्य, त्याचा सिग्नल १०० टक्क्यांच्या आसपास यायला हवा. प्रोसिजरप्रमाणे तिने केलं ते अगदी बरोबर होतं, एक इंटर्नल स्टँडर्ड बिघडलं तर दुसरं घ्या. आणि मी त्याच पानावर रिव्ह्यूची सही केली होती. इंटर्नल स्टँडर्ड ७० टक्क्यांवर येणं हे रोजचं, मॅट्रिक्स (सॅम्पलमधलं बाकीचं सगळं) जड असलं की सिग्नल दबतो. पण १९०? सिग्नल जवळजवळ दुप्पट कशामुळे होईल? आम्ही घातलेल्या ५० पीपीबीच्या (अब्जात ५० भाग) जोडीला सॅम्पलमध्येच आणखी ४५ पीपीबी इट्रियम असेल तर. आणि इट्रियम एकटं फिरत नाही, त्याच्यासोबत निओडायमियम, समॅरियम अशी सगळी रेअर अर्थ मंडळी असतात. रॉक फॉस्फेटमध्ये ती भरपूर सापडतात हे मी कॉलेजात वाचलेलं, इतक्या वर्षांत कामाच्या टेबलावर एकदाही आठवलं नव्हतं.

तिथून पुढचं दहा मिनिटांत उलगडलं. निओडायमियमचा एक आयसोटोप १५०, समॅरियमचाही एक १५०. प्लाझ्मात यांचा दुसरा इलेक्ट्रॉनसुद्धा बऱ्यापैकी सहज निघतो. मास स्पेक्ट्रोमीटर वस्तुमान बघत नाही, वस्तुमान भागिले विद्युतभार बघतो. १५० भागिले २ म्हणजे ७५. आणि हा जोडआयन नाहीच, एकटा छोटा अणू आहे, वर भार दुप्पट, हीलियम त्याला कसा अडवणार.

रात्री साडेआठला मी निओडायमियमचं शुद्ध स्टँडर्ड शोधत होते. १००० पीपीबीचं द्रावण केलं, त्यात आर्सेनिक नावालाही नाही, आणि मशीनने शांतपणे "आर्सेनिक ५.९ पीपीबी" छापलं. समॅरियमच्या तेवढ्याच द्रावणाला ८ पीपीबी. पुढे पीक अरुंद करून ७२.५ आणि ७३.५ वर बघितलं, तिथे निओडायमियम १४५ आणि समॅरियम १४७ चे दुहेरी भाराचे आयन दिसायला हवेत, अर्ध्या मासवर दुसरं सहसा काही नसतं म्हणून ती जागा खात्रीची. दोन्ही उभे होते. सॅम्पलमध्ये निओडायमियम साधारण २५० मिग्रॅ प्रति किलो निघालं, समॅरियम ५०. हिशोब मांडला तर खोटं आर्सेनिक १.९ मिग्रॅ. ११.२ वजा १.९. ९.३.

त्या गृहस्थांचा आकडा. आर्साइन वायू होऊन वर येतं ते आर्सेनिकच, निओडायमियम हायड्राइड करून येत नाही, ते खालीच राहतं. त्यांची जुनी पद्धत इथे आमच्या महागड्या मशीनपेक्षा बरोबर होती. सकाळी सगळ्यात आधी त्यांना फोन केला. ते एवढंच म्हणाले, "बरं झालं मॅडम, मला वाटलं माझंच काहीतरी चुकतंय."

मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करतं ते स्पाइक रिकव्हरीचं. ९८ टक्के! आम्ही ती गोष्ट ढालीसारखी पुढे करतो. पण स्पाइक टाकला की खोटे १.९ दोन्ही वाचनांत सारखेच असतात, वजाबाकीत उडून जातात. सिग्नल दबलाय का हे रिकव्हरी सांगते, कोणी फुकट भर घातलीय का हे ती सांगूच शकत नाही. डुप्लिकेटचंही तेच, दोन्हीकडे तीच भर. आमचं सीआरएम साध्या मातीचं, त्यात रेअर अर्थ इतकी कमी की तिथे फरक दिसला नसता. आणि ± ०.८ मध्ये पिपेट, तराजू, कर्व्ह, रिपीटेबिलिटी सगळं मांडलेलं, ऑडिटला आलेले असेसर ते बजेट ओळ न ओळ तपासतात, पण ७५ वर मोजलंय ते आर्सेनिकच कशावरून हे आजवर एकाने विचारलेलं नाही. सिलेक्टिव्हिटीचा, म्हणजे हवं तेच मोजलं जातंय याचा, पुरावा म्हणून आमच्या व्हॅलिडेशन फाइलमध्ये पाण्याचा डेटा लावलेला आहे!

आणि दुरुस्त आकडाही काही सोपा नाही. ९.३ ± ०.८ म्हणजे वरची बाजू १०.१. करारात डिसिजन रूल, म्हणजे अनसर्टन्टी धरून पास-फेल कसं ठरवायचं तो नियम, लिहिलेलाच नाही, साधी तुलना केली तर पास, अनसर्टन्टीएवढा गार्ड बँड (मर्यादेच्या आत सोडलेली सुरक्षित पट्टी) धरला तर पास म्हणता येत नाही. लॅबसाठीचं मानक आयएसओ १७०२५, त्याची २०१७ ची आवृत्ती सांगते की हा नियम आधी ठरवा, क्लायंटला विचारा. सॅम्पल घेताना काउंटरवर तो कॉलम "लागू नाही" लिहून भरला जातो, वर्षानुवर्षं. शेवटी दोन्ही पक्षांनी साधी तुलना मान्य केली, माल सुटला.

जुन्या रिपोर्टांसाठी मात्र भांडावं लागलं. सर म्हणाले, कुणी तक्रार केलेली नाही, कशाला उकरायचं. मी नॉनकन्फॉर्मिंग वर्कचा (कामात चूक झाल्याच्या नोंदीचा) फॉर्म भरून त्यांच्या टेबलावर ठेवला, सही व्हायला चार दिवस लागले, पण झाली, आणि नंतर फाइल्स काढताना ते स्वतः माझ्यासोबत बसले हेही सांगायला हवं. फॉस्फेटचे १४ रिपोर्ट निघाले. १२ मध्ये आकडा मर्यादेपासून इतका लांब की निर्णय बदलत नाही. दोन फेल दिलेले. एकाचं राखीव सॅम्पल कपाटात होतं, परत केलं, ते खरंच फेल आहे.

दुसऱ्याचा आकडा १०.९. राखीव सॅम्पलची मुदत संपली होती, टाकून दिलेलं. रॉ डेटात १५० च्या आसपासचं काहीच घेतलेलं नाही, निओडायमियम किती होतं ते आता कशावरूनही काढता येत नाही. वर्कशीट मात्र आहे. समासात इट्रियम १७०%, वगळलं, आणि खाली माझी सही.

त्या क्लायंटला पत्र पाठवलंय की त्या आकड्याची हमी आम्ही आता देऊ शकत नाही. अजून उत्तर आलेलं नाही.