हौस म्हणून नाही

शनिवार, रात्री अकरा

बँकेतली नोकरी सोडून मी भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करतेय. बँकेतल्या एका जुन्या सहकाऱ्याचा दुपारी फोन आला होता. ‘बरं केलंस, माणसाला काहीतरी छंद हवाच,’ म्हणाला. प्रेमाने म्हणाला, म्हणून मी विषय वाढवला नाही. पण ते मनातून जाईना, म्हणून इथे लिहून काढते. मी नोकरी सोडली ती छंदासाठी नाही. छंदाला रविवार पुरले असते. मला भौतिकशास्त्रात काम करायचंय. मी मोजलेला आकडा दुसऱ्या कुणाला आपल्या गणितात विश्वासाने घेता यावा, असं काम.

चाळिशी उलटलेल्या बाईच्या हौसेचं सगळ्यांना कौतुक असतं. कामाचं नाव काढलं की चेहरे बदलतात. आईसुद्धा विचारते, ‘एवढं शिकून आता तुला घेणार कोण गं?’ तिचं विचारणं रास्त आहे. नेट या पात्रता परीक्षेतून सहायक प्राध्यापक व्हायला वयाची अट नाही, गेट या परीक्षेलाही नाही. जेआरएफला, म्हणजे संशोधनासाठीच्या शिष्यवृत्तीला, मात्र आहे, आणि ते वय माझं केव्हाच उलटून गेलं. म्हणजे पात्रता मिळवता येईल, ती शिष्यवृत्ती नाही. घराचे हप्ते फिटेपर्यंत मी एम.एस्सी.चा फॉर्म भरला नाही तो या हिशोबाने. ‘मन सांगतं ते करा’ म्हणणाऱ्यांनी हप्त्यांचंही बोलायला हवं, असं मला अगदी मनापासून वाटतं. माझ्याएवढ्या वयाचं कुणी या वाटेला येऊ पाहत असेल, तर त्याला आधी हेच सांगायला हवं.

काल ग्रेटिंगचं प्रॅक्टिकल होतं. ग्रेटिंग म्हणजे बारीक समांतर रेघांची पट्टी, ती उजेडातले रंग वेगळे करते. सोडियमचा दिवा लावला की आधी लालसर गुलाबी उजेड पडतो. नळीतला निऑन आधी पेटतो ना. मग सोडियमची वाफ होत जाते तसा पिवळा चढत जातो. तोवर हात बांधून थांबायचं. पहिल्या ऑर्डरला, म्हणजे मधल्या उजेडाच्या बाजूला पहिल्यांदा रंग दिसतात तिथे, स्लिट (उजेड आत येण्याची फट) जरा रुंद असेल तर पिवळी रेघ एकच दिसते. मी दुर्बीण हळूहळू दुसऱ्या ऑर्डरला नेली, ४४ अंशांच्या आसपास. स्लिटचा स्क्रू किंचित फिरवला, रेघ बारीक झाली, मंद झाली, आणि तिच्या दोन झाल्या. त्यांच्या तरंगलांबी ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटर. आमच्या ग्रेटिंगवर इंचाला १५,००० रेघा आहेत. एवढ्या दाट रेघांनीही त्या दोघींमध्ये जेमतेम साडेतीन मिनिटांचा कोन पडतो. मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग. श्वास रोखून क्रॉसवायर आधी एकीवर आणला, मग दुसरीवर, आणि भिंगातून व्हर्नियर, म्हणजे कोन मोजायची बारीक पट्टी, वाचला. इलेक्ट्रॉनला स्पिन नावाचा अंगभूत गुण आहे म्हणून अणूतली ऊर्जेची एक पातळी दुभंगते, आणि ते दुभंगणं मी पितळेच्या चकतीवर वाचत होते! बी.एस्सी.ला हाच प्रयोग मार्कांपुरता केला होता. तेव्हा हे कळलं असतं तर बँकेच्या परीक्षा दिल्या असत्या का, कोण जाणे. बहुतेक दिल्याच असत्या. घरात कमावतं माणूस हवं होतं.

प्रॅक्टिकलमधली माझी पार्टनर एकवीस वर्षांची आहे. आधी मॅडम म्हणायची, आता ताई म्हणते. इंटिग्रेशन ती भराभर सोडवते. रीडिंगमधली एरर अंतिम उत्तरापर्यंत कशी पोचते, ते बसून काढायचं असलं की माझी वही मागते.

या आठवड्यात मॅथेमॅटिकल मेथड्सच्या तासाला ग्रीन्स फंक्शन ही गणिती रीत सुरू झाली. ती ज्याच्या नावाची, तो जॉर्ज ग्रीन नॉटिंगहॅमजवळ वडिलांची पवनचक्की चालवायचा, पीठ दळायचा. शाळा जेमतेम वर्षभराची. १८२८ मध्ये त्याने वर्गणीदार जमवून आपला निबंध छापून घेतला आणि केंब्रिजला विद्यार्थी म्हणून गेला तो चाळिशीत. १८४१ मध्ये वारला. पुढे विल्यम थॉमसनने, म्हणजे लॉर्ड केल्व्हिनने, तो निबंध लोकांपुढे आणला. पण मला जास्त जवळचे वाटतात ते भौतिकशास्त्रज्ञ सी. व्ही. रामन. १९०७ मध्ये ते अर्थखात्यात कलकत्त्याला रुजू झाले, मध्ये बदली होऊन नागपूरलाही होते. कलकत्त्यात कचेरीच्या आधी आणि नंतर बहूबझार रस्त्यावरच्या ‘इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स’ या संस्थेच्या प्रयोगशाळेत जायचे. १९१७ मध्ये कमी पगारावर प्राध्यापकी घेतली, तोवर त्यांचे शोधनिबंध प्रसिद्ध होत होतेच. ते तरुण होते आणि रामन होते, माझी त्यांच्याशी बरोबरी नाही. पण हिशेबखात्यातल्या माणसाच्या त्या मोकळ्या वेळेला आज कुणी छंद म्हणत नाही. निबंध होते, लोकांनी ते तपासले होते. मला तेवढंच हवंय. वयाची सवलत नको, वयाचं कौतुकही नको, तपासणी हवी.

प्रोजेक्टसाठी सरांनी जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीचा जुना डेटा घ्यायला सुचवलंय. नारायणगावजवळ खोडदला मधला मोठा समूह आणि तिथून लांबवर पसरलेल्या बाकीच्या, अशा ३० अँटेना, प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. तिथली निरीक्षणं काही काळाने सगळ्यांसाठी खुली होतात, घरच्या लॅपटॉपवर उतरवून घेता येतात. आकाशातल्या रेडिओ संकेतांत पृथ्वीवरचे नको ते संकेत मिसळलेले असतात: मोबाइल, विजेच्या तारा, उपग्रह. कुठल्या अँटेनाचा, कुठल्या मिनिटाचा, कुठल्या चॅनलचा डेटा बाद करायचा, ते बघत बसावं लागतं. वर्षअखेरीला न जुळणाऱ्या नोंदी शोधत बसायचो, तसंच हे. माझ्या बँकेतल्या वर्षांचा इथे थेट उपयोग होतोय, ही बाब मला फार मोलाची वाटते. बाद करायचं ते कारण लिहून, मनाला वाटलं म्हणून नाही.

आज संध्याकाळी ३सी २८६ या आकाशातल्या कॅलिब्रेटरचा डेटा साफ करून झाला. त्याची तीव्रता नीट माहीत असते, त्याच्या मापाने बाकीचं मोजायचं. उद्या कॅलिब्रेशन, मग प्रतिमा. त्यातल्या एका आकाशगंगेची तीव्रता आधीच प्रसिद्ध झालेली आहे. तो आकडा मी मुद्दाम पाहिलेला नाही, सरांकडे आहे. माझा आला की दोन्ही शेजारी ठेवायचे, सोमवारी.