किल्ली कुणाकडे होती?

जबाब तीन पानांचा होता. मूळ मराठी, इंग्रजी भाषांतर दुसऱ्या कुणीतरी केलेलं, आणि माझ्याकडे आला तो फक्त तपासणीसाठी. दुसऱ्या पानावर ही ओळ होती: 'आय टुक हिम द की अँड गेव्ह टू हिम अ रिसीट.' व्याकरण तपासणाऱ्या सॉफ्टवेअरने 'गेव्ह टू हिम'खाली रेघ ओढली होती. 'टुक हिम द की'वर मात्र कसलाच आक्षेप नव्हता.

मूळ वाक्य असं होतं: 'मी त्याच्याकडून किल्ली घेतली आणि त्याला पावती दिली.'

रेघ ओढलेला भाग कानाला खटकतो, पण त्याचा अर्थ शाबूत राहतो. खरा घात रेघ नसलेल्या भागात होता. 'आय टुक हिम द की' हे इंग्रजी वाक्य म्हणून निर्दोष आहे आणि त्याचा अर्थ होतो 'मी किल्ली त्याला नेऊन दिली'. कोणत्या वेळी किल्ली कुणाच्या ताब्यात होती, यावर सगळा जबाब उभा होता, आणि इथे ताबाच उलटला होता. दुरुस्ती दोन शब्दांची: 'आय टुक द की फ्रॉम हिम अँड गेव्ह हिम अ रिसीट.' पहिल्या भागात 'फ्रॉम' घातला, दुसऱ्यातला 'टू' काढला.

एकाच वाक्यात एक शब्दयोगी कमी आणि एक जास्त, याचं मूळ एकच आहे. मराठीत कोण देणारा, कोण घेणारा, हे प्रत्यय सांगतो: त्याला, त्याच्याकडून, त्याच्याकडे, त्याच्यासाठी. शब्द वाक्यात कुठेही ठेवा, 'त्याला मी पावती दिली' काय आणि 'पावती मी त्याला दिली' काय, घोटाळा होत नाही. शिवाय भूतकाळात क्रियापद वस्तूप्रमाणे बदलतं: पावती दिली, कागद दिला, पैसे दिले. इंग्रजीत 'गेव्ह' कशानेच बदलत नाही, म्हणून ते काम जागेला करावं लागतं. क्रियापदाला लागून सर्वनाम आणि त्याच्यामागे वस्तू, अशी रचना दिसली की इंग्रजी वाचक ते सर्वनाम घेणाऱ्याचं समजतो. 'ला' त्या जागेतच आहे, म्हणून 'टू' नको. आणि तिथे 'कडून' कधीच नसतं, म्हणून 'फ्रॉम' गाळून चालत नाही.

'हिम' या शब्दाचा इतिहासही हेच सांगतो. जुन्या इंग्रजीत 'त्याला दिलं'मधल्या 'त्याला'साठी 'हिम' होतं आणि 'त्याला पाहिलं'मधल्या 'त्याला'साठी 'हिने' हा वेगळा शब्द होता. पुढे 'हिने' मागे पडला आणि दोन्ही कामं 'हिम'कडे आली. म्हणजे 'हिम'मधला 'ला' मुळापासूनचा आहे.

ती ओळ सापडल्यावर पूर्ण जबाब नव्याने तपासला. पद्धत साधी आहे. प्रत्येक भूतकाळी क्रियापदाला पेन्सिलीने गोल करायचा. त्याच्यामागे सर्वनाम आणि त्यानंतर वस्तू असेल, तर मूळ मराठीत त्या सर्वनामाला कोणता प्रत्यय होता, तो समासात लिहायचा. 'ला' असेल तर पुढे जायचं. 'कडून' किंवा 'कडे' असेल तर थांबायचं. अशा २७ जागा निघाल्या. त्यांपैकी पाच ठिकाणी मुळात 'कडून' होतं, आणि त्यांतल्या तीन भाषांतरात उलट्या झाल्या होत्या. दुसरी होती 'त्याच्याकडून कुलूप विकत घेतलं'. भाषांतर होतं 'बॉट हिम अ लॉक', म्हणजे त्याला कुलूप घेऊन दिलं. तिसरी 'त्याच्याकडून नक्कल मिळवली': तिचं झालं होतं 'गॉट हिम अ कॉपी', म्हणजे त्याला नक्कल मिळवून दिली. टुक, बॉट, गॉट ही तिन्ही क्रियापदं म्हणूनच जास्त धोक्याची. ती दोन्ही दिशांनी चालतात आणि चूक झाली तरी वाक्य बरोबरच दिसतं.

'टुक'च्या बाबतीत भाषांतरकाराची फसगत समजण्यासारखी आहे. 'इट टुक मी टू अवर्स' म्हणजे 'मला दोन तास लागले', हे वाक्य सगळ्यांच्या कानावरचं असतं आणि त्यात 'मी'च्या हातून काहीतरी गेलेलं असतं. (इंग्रजीतला 'मी' म्हणजे आपला 'मला', हे देवनागरीत वाचताना ध्यानात ठेवायचं.) पण ती रचना वेळ किंवा मेहनत लागण्यापुरतीच आहे, किल्लीला ती लागू होत नाही. सर्वनामाच्या पदरी नुकसान किंवा नकार येतो अशी क्रियापदं मोजकी आहेत: 'इट कॉस्ट मी अ डे', 'दे रिफ्यूज्ड हिम एंट्री', 'दे चार्ज्ड हिम अ फी'. ती पाठच करावीत.

'कडे'चा घोटाळा 'आस्क्ड'मध्ये होता. 'त्याने मला क्रमांक विचारला' हे 'ही आस्क्ड मी द नंबर'. 'त्याने माझ्याकडे नोंदवही मागितली' हे मात्र 'ही आस्क्ड मी फॉर द रजिस्टर'. विचारणे आणि मागणे या दोन्हींना इंग्रजीत एकच क्रियापद, म्हणून 'फॉर'वर सगळा भार. तो गाळला होता. उलट 'आस्क्ड टू मी' दोनदा होतं. तिथला 'टू' काढायचा.

मग 'सेड मी' आणि 'टोल्ड टू मी'. या जोडीसाठी मराठीतच एक खूण आहे आणि ती मला फार उपयोगी वाटते. 'तो मला म्हणाला': 'तो'ला 'ने' नाही, आणि इंग्रजीत 'सेड टू मी'. 'त्याने मला सांगितलं': 'ने' आला, आणि इंग्रजीत 'टोल्ड मी'. म्हणजे 'म्हणाला'ला 'टू' लागतो, 'सांगितलं'ला लागत नाही. 'ही टोल्ड मी द टाइम' चालतं, 'ही सेड मी द टाइम' कधीच चालत नाही.

'एक्स्प्लेन्ड मी द रूल' चार ठिकाणी होतं. 'मला नियम समजावला' यात 'ला' आहे, मग 'गेव्ह मी'सारखं 'एक्स्प्लेन्ड मी' का नको, हा प्रश्न रास्त आहे. याचं उत्तर शब्दांच्या घडणीत आहे. गिव्ह, सेंड, टेल, शो, लेंड ही उच्चाराच्या एका झटक्यात संपणारी, बहुतेक जुन्या, म्हणजे मूळ इंग्रजी घरातली क्रियापदं. ती सर्वनाम लगेच स्वीकारतात. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यानंतर फ्रेंच आणि लॅटिनमधून आलेली, आघात (उच्चारातला जोर) दुसऱ्या भागावर असलेली क्रियापदं बहुधा स्वीकारत नाहीत: एक्स्प्लेन, डिस्क्राइब, सजेस्ट, रिपोर्ट, अनाउन्स. ऑफर आणि प्रॉमिस बाहेरून आली, पण आघात पहिल्या भागावर, म्हणून 'ऑफर्ड हिम अ चेअर' चालतं. हा नियम चाळणीसारखा वापरावा, वजनकाट्यासारखा नाही. 'असाइन्ड हिम अ रूम' त्यातून निसटतं, 'मेन्शन' दुसऱ्या बाजूने निसटतं, आणि 'से' तर जुन्या घरातलं असूनही बसत नाही. शंका आली की वस्तू आधी, 'टू' आणि सर्वनाम नंतर: 'एक्स्प्लेन्ड द रूल टू मी'. 'टोल्ड', 'आस्क्ड' सोडले तर ती मांडणी सहसा दगा देत नाही.

वस्तूही सर्वनाम असेल तर हीच मांडणी घ्यायची. 'ती त्याला दिली' हे 'गेव्ह इट टू हिम'. 'गेव्ह हिम इट' बोलण्यात येतं, उत्तर इंग्लंडच्या काही भागांत 'गेव्ह इट हिम'ही म्हणतात, पण जबाबात दोन्ही नकोत. घेणाऱ्याचं वर्णन लांबलचक असेल तेव्हाही तो शेवटी जातो: 'गेव्ह द की टू द मॅन हू हॅड कम इन द ईव्हनिंग'. हलकं सर्वनाम पुढे, जड वर्णन मागे.

'डिड नॉट गेव्ह हिम' दोनदा होतं. भूतकाळ 'डिड'ने उचलला की क्रियापद मूळ रूपात, 'डिड नॉट गिव्ह हिम'. त्यानंतरच्या सर्वनामाचा आणि वस्तूचा क्रम तोच राहतो.

शेवटच्या पानावर एक जागा उरली: 'त्याने माझ्याकडे नोंदवही ठेवली.' भाषांतर होतं 'ही लेफ्ट मी द रजिस्टर'. यात नोंदवही मला देऊन टाकल्याचा अर्थ येतो, मृत्युपत्राने माझ्या नावे केल्याचासुद्धा. नोंदवही तर दुसऱ्या दिवशी परत गेली होती, पुढच्याच ओळीत तसं लिहिलं होतं. 'मी' खोडून वस्तूच्या मागे नेला आणि त्याच्याआधी 'विथ' घातला: 'ही लेफ्ट द रजिस्टर विथ मी'.