डावीकडची टकटक

गेल्या वर्षी दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात दांडिया बाजारात राहणाऱ्या एका निवृत्त प्राध्यापकांची छोटी गाडी माझ्या मकरपुरा रस्त्यावरील गॅरेजमध्ये आली. पावसाळ्यानंतरच्या बडोद्याच्या रस्त्यांनी तिच्या पुढच्या दोन्ही स्ट्रटमधून, म्हणजे धक्के शोषणाऱ्या आणि आमच्याकडचे मिस्त्री ज्यांना सरसकट ‘जंपर’ म्हणतात त्या तेलाच्या नळ्यांमधून, तेल बाहेर काढले होते. बॉनेट दाबून सोडले, की गाडी एकदा वर येऊन थांबण्याऐवजी दोन-तीन हेलकावे खात असे. काकांना भाऊबीजेसाठी सापुताऱ्याच्या घाटातून नाशिकला बहिणीकडे जायचे होते, त्यामुळे काम पुढे ढकलण्याचा प्रश्नच नव्हता. दोन्ही बाजूंचे स्ट्रट, त्यांना वर गाडीच्या अंगाशी धरणारे माउंट, बेअरिंग आणि त्याबरोबर लोअर आर्मचे, म्हणजे चाकाला खालून चौकटीशी जोडणाऱ्या भागाचे, जीर्ण झालेले रबरी बुशही बदलायचे ठरले. एकाच बाजूचा स्ट्रट बदलून पैसे वाचवावेत का, असे काकांनी विचारले होते. पण एक बाजू नवी आणि दुसरी थकलेली असेल, तर ब्रेक दाबताना आणि वळताना गाडी दोन्हीकडे सारखी वागत नाही, हे त्यांना सांगताच त्यांनी तो विषय सोडला.

त्या दिवशी मी सगळे लक्ष बुशवर ठेवले होते, आणि त्याला कारण होते. लोअर आर्मचा बुश म्हणजे आतली लोखंडी नळी, बाहेरचे कडे आणि त्या दोघांना चिकटवलेले रबर. बोल्ट आवळला, की आतली नळी चौकटीला पक्की होते आणि त्यानंतर आर्म वरखाली होताना फक्त रबर पिळले जाते. गाडी जॅकवर असताना आर्म खाली लोंबत असतो. त्याच स्थितीत बोल्ट आवळला, तर गाडी जमिनीवर उतरताच रबर कायमचे पिळलेले राहते, आणि पुढे प्रत्येक खड्ड्यात ते त्याहून जास्त पिळले जाऊन काही महिन्यांत फाटते. म्हणून मी ते बोल्ट आधी हलके लावले, गाडी चाकांवर उतरवली, बॉनेट दोन-तीनदा दाबून तिला तिच्या नेहमीच्या उंचीवर स्थिरावू दिले आणि मग खाली शिरून टॉर्क पान्याने, म्हणजे ठरवलेला पिळाचा जोर आला की टिक करणाऱ्या पान्याने, शेवटचे आवळणे केले. स्ट्रट नकलला, म्हणजे चाक ज्यावर बसते त्या भागाला, जोडणारे दोन मोठे बोल्टही मी स्वतः 95 न्यूटन-मीटरला आवळले आणि आवळून झाले याची खूण म्हणून प्रत्येकावर पांढऱ्या रंगाची एकेक रेघ ओढली. टेबलावर स्प्रिंग दाबून स्ट्रटची जुळणी करण्याचे काम मात्र दोन वर्षे माझ्याकडे असलेल्या मदतनीस मुलाने केले. तो हुशार आहे, हात साफ आहे, आणि मी जेवायला गेलो होतो.

संध्याकाळी काका गाडी घेऊन गेले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास त्यांचा फोन आला. ‘‘अरे, गाडी मऊ झाली खरी, पण डावीकडून टकटक येते. गतिरोधकावर चढताना नाही, उतरताना.’’ त्यांनी गणित शिकवले होते, भौतिकशास्त्र नव्हे. पण निदानाचे निम्मे काम त्या एका वाक्याने झाले, असे मला आज वाटते. मी त्यांना फक्त इतकेच सांगितले, ‘‘काका, आता कुठे जाऊ नका, सावकाश इथेच घेऊन या.’’

चाक वर चढताना स्ट्रटचा दांडा वर ढकलला जातो, त्याचा खांदा माउंटवर दाबून बसतो आणि वरच्या मधल्या नटावर विशेष भार येत नाही. चाक खाली झेपावते तेव्हा उलट घडते. दांडा खाली ओढला जातो आणि त्याला धरून ठेवण्याचे काम एकट्या त्या नटाचे असते. नट पुरता बसलेला नसेल, तर दांडा आधी ती फट ओलांडतो आणि मग नटावर आदळतो. गाडी आल्यावर मी मुलाला फेंडरपाशी, म्हणजे चाकावरच्या पत्र्यापाशी, उभे केले, बॉनेट उघडून डाव्या माउंटवरची रबरी टोपी काढली आणि दांड्याच्या टोकावर बोट ठेवून फेंडर हलवायला सांगितले. टकटक ऐकू येण्याआधी ती बोटाला जाणवली.

मुलाला मी रागावलो नाही, कारण त्याने काय केले असेल ते मला दिसत होते आणि वीस वर्षांपूर्वी मीही तेच केले होते. त्याने नट हवेच्या गनने आवळला होता. स्ट्रटचा दांडा आपल्या नळीत मोकळा फिरतो. सेल्फ-लॉकिंग नटातले नायलॉनचे कडे आट्यांना घट्ट धरते, त्यामुळे नट बसण्याआधीच नट आणि दांडा दोघे मिळून फिरू लागतात. गन कडकडते, हाताला धक्के बसतात, काम झाले असे वाटते, आणि प्रत्यक्षात नट जागेपासून दोन-तीन आटे वरच राहतो. शिवाय दांडा असा वेगाने फिरला, की खालच्या तेलसीललाही ते चांगले नसते. दांड्याच्या टोकाला षटकोनी खाच असते ती याचसाठी. एलन की घालून दांडा धरायचा आणि नट हाताने फिरवायचा. दांडा फिरू नये म्हणून त्याच्या चकचकीत भागाला पक्कड लावणारे मिस्त्रीही मी पाहिले आहेत; त्या ओरखड्यांवरून सील घासत राहते आणि नवा स्ट्रट काही महिन्यांत गळू लागतो.

टोपीखालचा नट जागेवरच आवळून मी काकांना दहा मिनिटांत मोकळे करू शकलो असतो. तसे केले नाही. रात्रभर आदळलेल्या आट्यांची आणि नव्या बेअरिंगची अवस्था न पाहता ती गाडी घाटात पाठवण्याची माझी तयारी नव्हती. स्ट्रट पुन्हा उतरवला, स्प्रिंग दोन्ही बाजूंनी सारखी दाबली आणि नट काढला. आटे सुदैवाने शाबूत होते. बेअरिंगही ठीक होते. नट मात्र मी फेकून दिला, कारण नायलॉनचे कडे एकदा आट्यांवरून गेले, की पुढच्या वेळी त्याची पकड तेवढी राहत नाही.

आता अडचण अशी, की खाचेत एलन की असताना साधी गोटी (सॉकेट) नटावर बसत नाही आणि त्या दिवशी आरपार भोक असलेली गोटी माझ्याकडे नव्हती. मी टॉर्क पान्याला उघड्या तोंडाचा जोड लावला. हा जोड पान्याच्या रेषेत सरळ लावला, तर पान्याची लांबी वाढते आणि नटावर पान्याने दाखवलेल्यापेक्षा जास्त टॉर्क पडतो. काटकोनात लावला, तर हिशेब जवळजवळ बदलत नाही. म्हणून काटकोनात लावून 50 न्यूटन-मीटरवर टिक आवाज येईपर्यंत नट आवळला. आटे मी कोरड्या फडक्याने पुसले होते, तेल लावले नव्हते. मुलाला त्याचे नवल वाटले, तेव्हा त्याला पॉलिटेक्निकमधल्या आमच्या मास्तरांचे सांगितले. ते म्हणत, बोल्ट हीसुद्धा एक स्प्रिंगच आहे. ती किंचित ताणली जाते म्हणून सांधा धरून राहतो, आणि पान्याला लावलेल्या जोरातला साधारण नव्वद टक्के जोर नटाच्या बुडाशी आणि आट्यांत घर्षणातच जातो. तेलाने ते घर्षण कमी केले, तर त्याच 50 च्या आकड्यावर बोल्ट कितीतरी जास्त ताणला जातो. कोरड्या आट्यांसाठी छापलेला आकडा कोरड्याच आट्यांना लावायचा असतो.

उजवीकडची टोपी काढून तिथला नटही तपासला. तो जेमतेम एक अष्टमांश फेरा फिरला आणि पान्याने टिक केले. तोच मुलगा, तीच गन, तीच दुपार. त्या बाजूला नट बसेपर्यंत दांडा कशाने धरून राहिला हे मला सांगता येणार नाही, आणि म्हणूनच मला त्या बरोबर बसलेल्या नटाचीच जास्त भीती वाटली. दोन्ही बाजू अशाच योगायोगाने बसल्या असत्या, तर मुलाची पद्धत बरोबर आहे असेच आम्ही दोघे धरून चाललो असतो.

नकलचे बोल्ट काढले होते, म्हणजे चाकांचा कोन किंचित सरकलाच असणार, म्हणून अलाइनमेंट पुन्हा केली. ते पैसे काकांनी देऊ केले आणि मी घेतले नाहीत. यावर पाचेक मिनिटे बडोद्याच्या रिवाजाप्रमाणे वाद झाला. मग त्यांना शेजारी बसवून मी गाडी रस्त्यावर काढली. पहिल्या गतिरोधकावर काकांनी रेडिओ बंद केला, दुसऱ्यावर काच खाली केली. तिसऱ्यानंतर ते म्हणाले, ‘‘आता लाव बाबा रेडिओ.’’

परत आलो तेव्हा मुलगा दोन्ही माउंटच्या टोप्या हातात घेऊन उभा होता. त्याने मधल्या नटांवर पांढऱ्या रंगाच्या रेघा ओढल्या होत्या, आणि रंग वाळेपर्यंत टोप्या लावू नका, असे तो मलाच सांगत होता.