काइलला खाऊ घालायला मुलगोरला गेले

वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या ऑनलाइन गेममधल्या मुलगोर प्रदेशात ब्लडहूफ नावाचं गाव आहे आणि तिथे काइल नावाचा एक कुत्रा गावभर पळत असतो, थांबतच नाही. त्याला खाऊ घालायला मी गेले होते, खास तेवढ्यासाठी. या गेममध्ये इतकी वर्षं नुसती मारामारी केली, यावेळी ठरवलं की फक्त फिरायचं, आणि तेही अशाच ठिकाणी जिथे खऱ्या आयुष्यात वारलेल्या माणसांच्या आठवणीसाठी कुणीतरी काहीतरी करून ठेवलंय.

काइलचा मालक एहॅब व्हीटहूफ, टॉरेन, म्हणजे गेममधल्या बैलासारख्या दिसणाऱ्या जमातीतला. माझा कुत्रा हरवलाय, बघा ना जरा, एवढीच त्याची क्वेस्ट, म्हणजे खेळाडूला दिलेलं काम. ती एज्रा चॅटर्टन नावाच्या मुलाने रचलीय. एज्राच्या मेंदूत ट्यूमर होता, आजारी मुलांच्या इच्छा पुऱ्या करणाऱ्या मेक-अ-विश संस्थेतर्फे तो गेम बनवणाऱ्या ब्लिझार्ड कंपनीच्या ऑफिसात गेला तेव्हा दहा वर्षांचा होता, तिथे बसून त्याने ही क्वेस्ट बनवली, एक क्रॉसबो डिझाइन केला आणि एहॅबला आवाजसुद्धा स्वतःचाच दिला. ऑक्टोबर २००८ मध्ये एज्रा गेला.

क्वेस्ट म्हणाल तर अगदी साधी. गावाबाहेर माळावर शहामृगासारखे प्लेनस्ट्रायडर फिरत असतात, त्यांचं कोवळं मांस आणायचं आणि काइलच्या वाटेत ठेवायचं. पण काइल कसला थांबतोय! तंबूंमधून, शेकोटीला वळसा घालून, माणसांच्या मधून सुसाट. मी एका तंबूच्या कोपऱ्याला उभी राहिले, तो आला आणि मांस काढेपर्यंत गेलासुद्धा. परत फेरी मारून आला, परत हुकला. शेवटी त्याची वाट नीट बघून घेतली आणि तो दिसायच्या आधीच मांस टाकून बाजूला झाले, मग आला, थबकला, खाल्लं. बास. तेवढ्यात संपलं सगळं आणि मी आपली स्क्रीनसमोर डोळे पुसत बसले. एका दहा वर्षांच्या मुलाला, ज्याला वाट्टेल ते मागता आलं असतं, ड्रॅगन मागता आला असता, त्याला सुचलं काय तर हरवलेला कुत्रा आणि त्याला खायला घालणारं कुणीतरी अनोळखी माणूस. गेम चालू आहे तोवर रोज कुणी ना कुणी येऊन त्या कुत्र्याला खाऊ घालणार. फुलं वाहण्यापेक्षा मला हे कितीतरी मोठं वाटतं.

तिथून थंडर ब्लफ. उंच पठारांवर वसलेलं शहर, वर जायला लाकडी लिफ्ट, आणि ती लिफ्ट मला कधीच आवडली नाही, कडेला कठडा नाही काही नाही. वर एल्डर एज्रा व्हीटहूफ उभा होता, एज्रा गेल्यावर त्याच्या नावाने ठेवलेला. लहान मुलगा होता तो, इथे त्याला जमातीतला वडीलधारा केलंय, म्हणजे जे वय त्याला मिळालं नाही ते देऊन टाकलंय. मला हे फार आवडलं. पण बघायला मिळेल तर शपथ! कुणीतरी आपला स्वारीचा भलामोठा मॅमथ बरोब्बर एज्राच्या अंगावर आणून उभा केला होता आणि स्वतः कीबोर्ड सोडून गायब. फक्त केसाळ पाठ आणि सुळे, आतमध्ये कुठेतरी एज्रा. मी मेसेज केला की जरा बाजूला घेता का, उत्तर नाही. बराच वेळ थांबले, परत केला, उत्तर नाही. अशी डोक्यात तिडीक गेली माझ्या. अख्खं शहर रिकामं पडलंय, पार्किंगला हीच जागा सापडली? कळवळून सांगते, एल्डर लोकांवर, दुकानदारांवर, कुणावरही माउंट, म्हणजे स्वारीचे प्राणी, उभे करू नका, लांबून आलेलं माणूस असतं हो समोर. शेवटी तो माणूस लॉगआउट झाला तेव्हा कुठे दर्शन घडलं.

बॅरेन्स या माळरानाच्या प्रदेशात क्रॉसरोड्स गावाजवळच्या डोंगरावर मिशेल कोइटरचं स्मारक आहे. तो खेळाडू नव्हे, गेमचा चित्रकार, मार्च २००४ मध्ये गेला आणि गेम आला नोव्हेंबरमध्ये, म्हणजे आपण काढलेल्या जगात फिरणारे लोक त्याला बघायलाच मिळाले नाहीत. वर दगडी चौथऱ्यावर एक ऑर्क योद्धा निजलाय. २०१० मध्ये गेममध्ये आलेल्या कॅटॅक्लिझम या नव्या भागात बॅरेन्सचे दोन तुकडे झाले, मधून जमीन फाटली, पण या डोंगराला हात लावला नाही. उडत जाता येतं, तरी मी पायी चढले. उडून गेलं तर दोन सेकंदात पोचता आणि मग उभं राहून करायचं काय ते कळत नाही.

विंटरस्प्रिंग या बर्फाळ प्रदेशात मी जाणारच नव्हते, तिथे बघायला काहीच नाही, म्हणजे स्मारक नाही. पण माहिती असूनही टाळलं असतं तर मनाला लागून राहिलं असतं. मार्च २००६ मध्ये तिथे एका खेळाडूसाठी लोक जमले होते. ती खऱ्या आयुष्यात गेली होती, तिला बर्फ आवडायचा, मासेमारी आवडायची, म्हणून मित्रांनी ही गरम झऱ्याची जागा निवडली, वेळ सगळ्यांना सांगितली आणि कृपा करून हल्ला करू नका अशी विनंतीही केली. तिचं पात्र लॉगइन करून उभं केलं होतं आणि एकेक जण रांगेत येऊन निरोप घेत होता. तेवढ्यात विरुद्ध बाजूचं एक गिल्ड, म्हणजे खेळाडूंचा गट, आलं आणि सगळ्यांना कापून काढलं, वर व्हिडिओ करून फिरवला. इतकी वर्षं झाली तरी त्यावर वाद घालणारे भेटतात, पीव्हीपी सर्व्हर होता, म्हणजे तिथे खेळाडूंनी एकमेकांना मारायला मुभा, नियमात बसत होतं, सांगायचंच कशाला कुठे जमणार ते. नियमात बसत होतं हे खरंच आहे. पण रांगेत उभं राहून हातातलं शस्त्र खाली ठेवलेल्या माणसावर धावून जायला गेम तुम्हाला भाग पाडत नाही, ते तुम्ही ठरवता. मी झऱ्याकाठी गळ टाकून बसले. बर्फ पडत होता, आजूबाजूला चिटपाखरू नव्हतं, वाफेतून पलीकडचा काठ धड दिसत नव्हता. एक मासा लागला, तो परत सोडायची सोय गेममध्ये नाही याचा राग आला.

शट्राथबद्दल थोडक्यात. २००७ मध्ये हे शहर म्हणजे जत्रा होती, पाय ठेवायला जागा नसायची, आता पूर्ण ओस. तिथल्या आल्डोर राइझ या उंच भागावर केली डॅक उभी आहे, बाजूला तिचा पाळीव प्राणी डस्की. डॅक क्राउस नावाच्या खेळाडूचं ते पात्र, तो २००७ मध्ये ल्युकेमियाने गेला, वय २८, आणि ओळखला जायचा तो दुसऱ्यांना मदत करण्यासाठी. गेममधली अलिशिया नावाची लहान मुलगी तुमच्याकडे एक कविता देते आणि ती केलीपर्यंत पोचवायची असते. निरोपाच्या वेळी इंग्रजीत नेहमी वाचतात ती कविता, मला पाठ आहे, तरी कागद बॅगेत असताना सारखी उघडून बघत होते. पोस्टमनचं काम असं मनापासून मी कधी केलं नव्हतं.

मग गेम बदलला. ईव्ह ऑनलाइन या अंतराळातल्या गेममध्ये मोलेआ नावाच्या सूर्यमालेत खेळाडूंनी स्वतःच्या हाताने दफनभूमी उभी केलीय, कंपनीने आखून दिलेली नाही. अंतराळात तरंगणारे कंटेनर आणि प्रत्येकाला नाव. ब्लिझार्डच्या जगात कुणाची आठवण ठेवायची हे शेवटी कंपनी ठरवते, ज्याची गोष्ट लोकांपर्यंत पोचली त्याला जागा मिळते. मोलेआत ज्याचा एकच मित्र होता त्याच्यासुद्धा नावाचा डबा तरंगत राहू शकतो, आणि म्हणून तिथून माझा पाय निघेना, एकेक नाव वाचत बसले.

ईव्हवाल्यांची अजून एक पद्धत मला फार भिडते. कुणी गेलं की सायनो पेटवतात. सायनो म्हणजे खरं तर ताफ्याला लांबून उडी मारून यायला लावलेली खूण, सगळ्या सूर्यमालेत दिसते, आणि ती जळत असेपर्यंत तुमचं जहाज जागचं हलू शकत नाही. ज्या गेममध्ये न हलणारं जहाज म्हणजे फुकटची शिकार, तिथे शेकडो लोक एकाच वेळी मुद्दाम अडकून राहतात. शॉन स्मिथ, ईव्हमधला वाइल रॅट, अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यात होता, सप्टेंबर २०१२ मध्ये बेंगाझीच्या हल्ल्यात गेला, तेव्हा असे दिवे लागले आणि एकमेकांच्या जिवावर उठलेल्या गटांनी आपापल्या स्टेशनांची नावं बदलून त्याचं नाव दिलं.

वॉरक्राफ्टमध्ये परत आल्यावर एल्विनच्या जंगलातून इबेलिनसाठी धावले, नुसतीच धावले. इबेलिन हे मॅट्स स्टीनचं पात्र. नॉर्वेचा मुलगा, डुशेन या स्नायूंच्या आजारामुळे व्हीलचेअरवर, २०१४ मध्ये २५ व्या वर्षी गेला. आईवडिलांना वाटत होतं की पोराला मित्रच नाहीत. त्याच्या ब्लॉगवर त्यांनी तो गेल्याचं कळवलं आणि ठिकठिकाणाहून गिल्डच्या लोकांची पत्रं यायला लागली, काही जण अंत्यविधीला पण पोचले. लॉगइन झाला की इबेलिन आधी धावायला जायचा. २०२४ मध्ये ब्लिझार्डने गेममध्ये पाळायला रेव्हन नावाचा कोल्हा विकायला काढला, पैसे डुशेनवर काम करणाऱ्या क्युअरडुशेन संस्थेला गेले, तो कोल्हा माझ्या मागे मागे पळत होता. इथे कॅमेरा मागे घेऊ नका, अगदी पात्राच्या खांद्याशी आणा, झाडं अंगावर येतात आणि धावल्यासारखं वाटतं.

आता राहिलाय बॉर्डरलँड्स २ या तिसऱ्या गेममधला मायकेल ममारिल. तो २०११ मध्ये २२ व्या वर्षी गेला, मित्राने तो गेम बनवणाऱ्या गिअरबॉक्स कंपनीला पत्र लिहिलं आणि त्यांनी त्याला सँक्च्युअरी शहरात आणून ठेवलं. भेटला की हातात काहीतरी चांगली वस्तू ठेवतो. पण उभा कुठे असेल याचा नेम नाही, दर वेळी असेलच असंही नाही, त्यामुळे मी सगळ्या गल्ल्या पालथ्या घातल्या आणि अजून तरी गाठ पडलेली नाही. उद्या रात्री परत जातेय.