जरा उचलून लाव

"खिडकी लावताना जरा उचलून लाव हं." पाहुणा मुक्कामाला आला की बाथरूमच्या दिव्याचं बटण दाखवून झाल्यावर हे वाक्य येतंच. साताऱ्याच्या पेठांमधल्या जुन्या घरांत तर दर खिडकीची कला वेगळी. एकीला खालून गुडघा लावायचा, दुसरीला आधी बाहेर ढकलून मग आत ओढायचं. सून घरात रुळली का, हे माजघरातली खिडकी तिला पहिल्या झटक्यात लावता येते का यावरून ठरवावं.

एप्रिलातल्या दुपारी अजिंक्यताऱ्यावर ढग जमतात, वळवाचं वारं सुटतं आणि ही सगळी कला उघडी पडते. धाडकन झडप आपटते. मग कोणीतरी कॅलेंडरच्या कागदाची घडी करून फटीत खुपसतं. ही घडी म्हणजे आळसाचा कळस. कागद पाणी पितो, फुगतो, आणि लाकूड नेमकं तिथंच कुजायला लागतं.

खरं तर झडप आपलं दुखणं स्वतःच सांगते. ती अर्धी उघडावी, बिजागरीच्या विरुद्ध बाजूचा खालचा कोपरा धरावा आणि हलकेच वर उचलून नजर वरच्या बिजागरीवर ठेवावी. वरच्याच, कारण झडपेचं वजन तिला चौकटीपासून ओढतं आणि खालचीला आत दाबतं. ढिली पडते ती वरचीच. पत्रा स्क्रूसकट हलला तर लाकडातलं भोक मोठं झालंय. पत्रा गप्प आणि नळी खुळखुळतेय, तर आतली दांडी झिजली. दोन्ही जागच्या जागी असून झडपेचाच कोपरा उघडतोय, तर कुसू, म्हणजे कोपऱ्यातल्या सांध्याचं लाकडी जीभ, सुटलंय. ते काम सुताराचं.

भोक मोठं झालं की जाड स्क्रू आणायचा मोह होतो. तो आवरावा. जाड स्क्रूचं डोकं पत्र्याच्या खळग्यात बसत नाही, वर राहतं. बिजागरी पुरती मिटत नाही आणि झडप लावायच्या प्रत्येक वेळी उरलेले स्क्रू उपटायला लागते. त्यापेक्षा झडपेखाली पाचर देऊन स्क्रू काढावा, भोकातली भुकटी फुंकून टाकावी, सागाची बारीक ढलपी फेव्हिकॉलमध्ये बुडवून ठोकावी, वर आलेली कापून टाकावी. सागाची ढलपी नसेल तर गूल काढलेल्या दोनतीन काड्या चालतात, पण काडेपेटीचं लाकूड ते, नरम. रात्रभर वाळू द्यावं. सकाळी बारीक खिळ्यानं वाट करून तोच स्क्रू, किंवा त्याच जाडीचा पाव इंच लांब, पिळावा. पिळण्याआधी मेणबत्तीवर घासावा. काहीजण साबण लावतात. साबण ओल धरतो आणि स्क्रू गंजतो.

दांडी झिजली असेल तर दुरुस्ती नाही, दोन्ही बिजागऱ्या बदलायच्या. दुकानात जाताना जुनी खिशात घालून न्यावी. "तीन इंची द्या" म्हणून भागत नाही. रुंदी आणि जाडी जुळली नाही तर चौकटीतली खाच पुन्हा कोरावी लागते.

आणि खोबरेल नको. पारा २४ अंशांच्या खाली गेला की खोबरेल गोठायला लागतं, आणि साताऱ्याची थंडी त्याहून बरीच खाली उतरते. धूळ चिकटून नळीत जे तयार होतं त्याला उटणं म्हणावं फार तर. शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब पुरतात. श्रावणात फुगलेली झडप रंधा मारून छाटणाऱ्यांना तर हात जोडावेत. दिवाळीनंतर लाकूड सुकतं आणि बोटभर फटीतून गार वारा येत राहतो.

सांगलीच्या फ्लॅटांत हे सगळं नाही, तिथं सरकत्या ॲल्युमिनियमच्या खिडक्या. काच अडली की माणसं जोर लावतात. काच वर उचलून खालचा काठ आतल्या बाजूला घेतला की बहुतेक वेळा सुटून येते. तळाशी दोन चाकं असतात, एका बाजूनं घासून चपटी झालेली. तसलीच नवी बसवायची, पण आधी रूळ ब्रशनं साफ करून. २०१९ च्या पुरात ज्यांच्या खिडकीपर्यंत कृष्णा आली, त्यांना तो गाळ किती बारीक असतो हे सांगायला नको.

झडप अडकवायचा आकडा मात्र जुन्या खिडकीलाच शोभतो. दुपारी सक्तीनं झोपवलेल्या प्रत्येक पोरानं तो पाहिलेला असतो: चौकटीला लोंबणारा, वाऱ्यानं हलत हलत ऑइलपेंटवर अर्धी कमान कोरणारा. वर पिस्ता रंग, त्याखाली निळा, मग लाकूड. तो ज्या कडीत अडकतो तिच्यात खाच पडते. कडी निम्मी झिजली की बदलावी, नाहीतर एखाद्या वळवात तुटते आणि काच जाते. नवा आकडा बहुधा जुन्याहून अर्धा इंच लांब मिळतो. मग जुन्या कमानीच्या अर्धा इंच खाली दुसरी कमान पडायला लागते.