तीन बोटांचा बेस

हेवी मेटलमध्ये बेस गिटार (खालच्या स्वरांची गिटार) पिकने, म्हणजे तार छेडण्याच्या छोट्या पातीने, वाजवावी की बोटांनी, हा वाद जुना आहे. माझे मत पक्के आहे: गाणे कितीही वेगवान असो, बेस बोटांनीच वाजवावी. पिकचा आघात टोकदार आणि एकसारखा येतो हे खरे, परंतु बोटाच्या पेराचे मांस तारेला भिडल्यावर स्वराला जे वजन येते, ते ड्रमच्या डबल पेडलच्या (दोन्ही पायांनी बडवायच्या मोठ्या ड्रमच्या) माऱ्याखालीही गाणे तोलून धरते. आयर्न मेडन हा ब्रिटिश मेटल बँड १९७५ मध्ये स्थापन करणाऱ्या बेसवादक स्टीव्ह हॅरिसने एक लांब आणि दोन आखूड स्वरांची ती प्रसिद्ध घोडदौड तर्जनी आणि मध्यमा या दोनच बोटांवर पेलली आहे.

वेगाचा हिशेब एकदा मांडून पाहावा. मिनिटाला २०० ठोके असलेल्या गाण्यात प्रत्येक ठोक्याला चार स्वर वाजवायचे, तर सेकंदाला तेराहून अधिक स्वर होतात आणि एका स्वराच्या वाट्याला ७५ मिलिसेकंद येतात. चार तारांच्या बेसची सर्वांत जाड ई तार सेकंदाला साधारण ४१ वेळा कंप पावते. म्हणजे पुढचा आघात येईपर्यंत तिची जेमतेम तीन कंपने पूर्ण होतात. पाच तारांच्या बेसवरील बी तारेची तर अडीचही होत नाहीत. एवढ्या अवधीत कानाला स्वर ओळखू येतो तो मुख्यतः वरच्या उपस्वरांमुळे (मूळ स्वरासोबत उमटणाऱ्या उंच स्वरांमुळे) आणि आघाताच्या धारेमुळे. म्हणूनच ॲम्पवर (आवाज वाढवणाऱ्या ॲम्प्लिफायरवर) खर्ज वाढवला की वेगवान वादन भारदस्त न होता गढूळ होते. सोलापुरात आमची तालीम पूर्व भागात, चालू यंत्रमागांच्या शेजारच्या खोलीत होते; तेथे खर्जातले सारे काही मागांच्या घरघरीत विरून जाते आणि मिड (मधले स्वर) वाढवलेली, नव्या राउंडवाउंड (गोल तारेचे वेटोळे असलेल्या, खणखणीत) तारांची बेसच काय ती स्पष्ट ऐकू येते. (हॅरिस फ्लॅटवाउंड, म्हणजे चपट्या वेटोळ्याच्या गुळगुळीत तारा वापरतो, पण तो त्या फ्रेटवर, म्हणजे मानेवरच्या धातूच्या पट्ट्यांवर, कडाडू देतो.)

आघात हलका हवा, हे मी कळकळीने सांगतो. बोट तारेत खोल रुतले की बाहेर निघण्यातच वेळ जातो; टोकाचा थोडासा भाग तारेवरून सरकून शेजारच्या तारेवर टेकला की पुरे. आवाज वाढवण्याचे काम ॲम्पचे आहे.

याही पुढच्या वेगासाठी तिसरे बोट घ्यावे लागते. कॅनिबल कॉर्प्स या अमेरिकन डेथ मेटल बँडचा बेसवादक ॲलेक्स वेबस्टर अनामिका, मध्यमा, तर्जनी या क्रमाने वाजवतो. सेकंदाला तेरा स्वरांत दोन बोटांपैकी प्रत्येकाला साडेसहाच्या वर आघात करावे लागतात, तीन बोटांत ते साडेचारच्या आत येतात. खरी कसोटी वेगळीच आहे: बोटे तीन आणि ठोक्यात स्वर चार. पहिला ठोका अनामिकेवर सुरू झाला, तर दुसरा मध्यमेवर आणि तिसरा तर्जनीवर पडतो, आणि बारा आघातांनंतर अनामिका पुन्हा ठोक्यावर येते. तबला शिकलेल्यांना हे गणित परके वाटणार नाही. अनामिका मुळात दुबळी असल्यामुळे तिच्यावर आलेला ठोका बसका वाजतो, आणि लय लंगडते ती तेथेच. त्यासाठी मेट्रोनोम (ठोके देणारे यंत्र) मिनिटाला ६० ठोक्यांवर ठेवून, प्रत्येक ठोक्याचा पहिला स्वर मुद्दाम ठसठशीत वाजवत, कोणता ठोका कोणत्या बोटाचा हे डोळे मिटून ओळखता येणार नाही इतका सारखेपणा आणावा. तोवर वेग वाढवू नये. न वाजणाऱ्या तारांवर अंगठा टेकवून त्या गप्प ठेवण्याची सवयही याच संथ लयीत लागते.

आपल्याकडच्या उन्हाळ्याची मात्र वेगळी तजवीज करावी लागते. घामाने नव्या तारांची चमक लवकर जाते, त्यामुळे तालीम संपताच त्या कोरड्या फडक्याने, खालच्या बाजूनेही पुसाव्यात. कोरड्या हवेत लाकडातला ओलावा उडून गिटारची मान मागे झुकते, तारा फ्रेटवर घासू लागतात आणि हलका आघातही खरखरतो. अशा वेळी ट्रस रॉड (मानेच्या आतली, तिचा बाक ठरवणारी सळई) किंचित सैल करावा आणि पावसाळ्यात हवा दमट झाली की तारांची उंची पुन्हा तपासावी.