भाषेच्या रकान्यात ‘स्पॅनिश’

शेजारणीच्या चार वर्षांच्या मुलीचं मेडी-कॅल, म्हणजे कमी उत्पन्नवाल्यांसाठीचा कॅलिफोर्नियाचा सरकारी आरोग्यविमा, व्हायला साडेतीन महिने लागले. जवळजवळ सगळे एका रकान्यापायी गेले, आणि माझा राग अजून निवलेला नाही.

शेजारीण ग्वातेमालातल्या तोदोस सांतोसची. ओकलंडच्या फ्रूटवेल भागात तिच्याकडची बरीच माणसं आहेत. मुलीचा कान सारखा वाहायचा, तरी अर्ज करायला ती घाबरत होती. २०१९ साल होतं. सरकारी मदत घेतली की ग्रीन कार्ड मिळत नाही, ही धास्ती घरोघरी होती. कॅलिफोर्नियात मे २०१६ पासून एकोणीस वर्षांखालच्या मुलांना, उत्पन्न मर्यादेत असेल तर, अमेरिकेत राहण्याची कागदपत्रं नसली तरी पूर्ण मेडी-कॅल मिळतं, हे मी तिला तीनदा सांगितलं. विक, म्हणजे आया आणि लहान मुलांसाठीची सरकारी पोषण योजना, तिचं दूध-कडधान्य त्याच आठवड्यात सुरू झालं. तिथे कागद विचारतच नाहीत.

काउंटीच्या ऑफिसात मुलाखतीच्या वेळी मी मुलीला घेऊन बाहेर बसले होते. कारकुनाने भाषा ‘स्पॅनिश’ लिहिली आणि फोनवर स्पॅनिश दुभाषी जोडून दिला. पण तिची भाषा माम, माया कुळातली. स्पॅनिश तिला बाजारापुरतं येतं. गडचिरोलीच्या माडिया बाईला मराठी येतच असणार, असं धरून चालतात ना, तसंच हे. ती प्रत्येक प्रश्नाला ‘सी, सी’, म्हणजे ‘हो, हो’, म्हणत गेली आणि नवऱ्याची पंधरवड्याची मजुरी आठवड्याची म्हणून नोंदली गेली. उत्पन्न दुप्पट, अर्ज नामंजूर. नकाराचं पत्रही स्पॅनिशमध्ये. तिला वाचता येईना, म्हणून सहा आठवडे ते कपाटात पडून होतं. घरी आलेलं प्रत्येक पाकीट त्याच दिवशी कुणाकडून तरी वाचून घ्या. फेरसुनावणी मागायला नव्वदच दिवस असतात.

पुन्हा गेलो. ‘त्यांना स्पॅनिश येतं की,’ असं उत्तर मिळालं. केंद्राचा पैसा घेणाऱ्या ऑफिसला १९६४च्या नागरी हक्क कायद्याखाली फुकट दुभाषी द्यावा लागतो, हे मी शांतपणे, पण मोठ्याने सांगितलं. तिसऱ्या खेपेला माम दुभाषी मिळाला, तो ग्वातेमालातल्याच, पण दुसऱ्या भागातल्या सान मार्कोसकडचा. दोघांना एकमेकांचं निम्मंही कळेना! म्हणून भाषेबरोबर गावाचं नावही कागदावर लिहून न्या. आणि मुलांना दुभाषी करू नका. मीही झाले नाही, याचं मला समाधान आहे.

चौथ्या खेपेला फोनवर तोदोस सांतोसची बाई आली. पहिल्याच वाक्याला शेजारीण खुर्चीत पुढे सरकली. मजुरीचा घोळ पाच मिनिटांत सुटला. मग तिनेच प्रश्न विचारायला सुरुवात केली: कानाचा डॉक्टर कुठे, औषधाचे पैसे पडतात का. फोन ठेवण्याआधी तिने त्या बाईला विचारलं, थोरल्याच्या शाळेत पालकसभा असते, तिथेही अशी माम बोलणारी बाई मागता येते का.

पुढच्या सभेला ती एकटी गेली.